ऑटोपायलट आणि वैमानिकाचा हात

मुखेडच्या बाजाराहून रात्री गावाकडे परतणारी बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ऑटोपायलट म्हणजे काय हे निम्मे तरी आधीच ठाऊक आहे. गाडीवान कासरा सैल सोडून पोत्याला टेकतो, त्याचा डोळा लागतो, आणि बैल आपले चालत राहतात. वाट त्यांच्या पायाखालची असते. चढ आला की रेटा देतात, ओढा आला की हळू होतात, आणि दारात आल्यावर उभे राहतात. धन्याला जाग येते ती गाडी थांबल्यामुळे.

विमानातल्या ऑटोपायलटविषयी पुष्कळांची समजूत अशीच काहीशी असते. वैमानिकाने कळ दाबावी, मागे टेकून बसावे, विमान आपले मुक्कामाला पोचेल. पण बैल आणि हे यंत्र यांत एक मोठा फरक आहे. बैलाला डोळे आहेत आणि स्वतःचा जीव आहे. पुराने वाट तुटली असेल तर बैल काठावर पाय रोवतो. हाकलला तरी पुढे जात नाही. ऑटोपायलटला वाट दिसत नाही आणि जिवाची भीती नाही. जे सांगितले तेवढेच ते करते, आणि सांगणे चुकीचे असले तरी तितक्याच निष्ठेने करते. मोठ्या विमानात निदान दोन वैमानिक असतात, एकाचे लक्ष चुकले तर दुसऱ्याचे असते. लहान विमानात बहुधा एकटा माणूस आणि एकटे यंत्र. म्हणून तिथे हा फरक फार महागात पडतो.

आता आपण म्हणाल, मुखेडच्या माणसाला लहान विमानाशी काय कर्तव्य? वास्तविक मराठवाड्याच्या आकाशाला लहान विमाने परकी नाहीत. २०१५ आणि २०१९ सालच्या पावसाळ्यात तेव्हाच्या औरंगाबादेहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी विमाने उडाली होती. पंखांना नळकांडी बांधलेली, आणि ती पेटवून ढगात मीठवजा क्षारांची किंवा सिल्व्हर आयोडाइडची धुरी द्यायची, असा तो उद्योग. पाऊस किती पडला यावर तेव्हा बरेच बोलले गेले. ते विमान ढगाच्या पोटात कसे टिकून राहते याबद्दल मात्र कोणी फारसे विचारले नाही. शिवाय बारामती, गोंदिया अशा ठिकाणी विमान उडवण्याचे शिक्षण मिळू लागल्यापासून आपल्याकडच्या घरांतही पायलट होण्याच्या गोष्टी निघतात. जमीन गहाण टाकावी लागेल एवढी फी भरण्याआधी, आपले मूल कोणत्या यंत्राच्या भरवशावर आकाशात जाणार आहे, हे आईवडिलांना थोडे तरी ठाऊक असलेले बरे.

ऑटोपायलट ही कल्पना नवी नाही. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी नावाच्या एकवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाने लोकांना चकित केले. विमान पाण्यावरून नीचून चालले होते, त्याचा मेकॅनिक उठून पंखावर चालत गेला, आणि खुद्द स्पेरी दोन्ही हात वर करून उभा राहिला. विमान कलंडले नाही. त्यातली किमया भोवऱ्याची होती. जोरात फिरणारा भोवरा आपली दिशा सोडत नाही, हे आपण लहानपणी अंगणात पाहिलेले असते. असा भोवरा विमानात बसवला, तर विमान कितीही कलले तरी तो आपल्या जागी ताठ राहतो. विमान किती कलले हे त्यावरून कळते, आणि तेवढ्याच मापाने यंत्र पंखांच्या व शेपटीच्या हलत्या फळ्या ओढून विमान सरळ करते. पुढे १९३३ साली वायली पोस्ट या एका डोळ्याच्या वैमानिकाने असेच यंत्र घेऊन एकट्याने सात दिवस अठरा तास एकोणपन्नास मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत ते यंत्र दुरुस्त करण्यासाठी त्याला उतरावे लागले होते. झोप लागू नये म्हणून त्याने बोटाला दोरीने पाना बांधून हातात धरला होता, असे सांगतात. डुलकी लागली की पाना सुटायचा आणि बोटाला हिसका बसायचा! ऑटोपायलट असूनही त्या गृहस्थाने झोपेला थारा दिला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हे यंत्र मुळात वाईट आहे असे कोणी समजू नये. ढगात शिरल्यावर जमीन दिसत नाही, क्षितिज दिसत नाही, आणि माणसाचे शरीर त्याला सरळ सरळ खोटे सांगू लागते. विमान एका कुशीवर वळत असते आणि बसलेल्याला वाटते आपण सरळ चाललो आहोत. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९५४ च्या सुमारास याची एक परीक्षा झाली. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण न झालेल्या वीस जणांना, बाहेरचे काही दिसणार नाही अशी सोय करून विमान चालवायला दिले. वीसच्या वीस जणांच्या हातून विमानाचा ताबा सुटला. सरासरी वेळ निघाली १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेही नाहीत. अशा वेळी ऑटोपायलटची कळ दाबणे हा जीव वाचवणारा उपाय आहे, आणि शहाणा वैमानिक तो करतो. एकट्याने नकाशा पाहायचा, रेडिओवर बोलायचे, हवामान ऐकायचे आणि विमानही धरायचे, यात दोन हात पुरत नाहीत. तिसरा हात म्हणून हे यंत्र उत्तम आहे. तंटा आहे तो तिसऱ्या हाताला डोके समजण्याचा.

लहान विमानातल्या यंत्राची कुवत किती, हे पाहू. सर्वांत साधे असते ते फक्त पंख सपाट ठेवते. त्याहून वरचे दिशा धरते आणि उंचीही धरते. पण बहुतेक लहान विमानांत त्याच्या हाती इंजिन नसते. इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा दांडा वैमानिकाच्याच हातात राहतो. ही गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते, पण पुष्कळ घात इथूनच सुरू होतो.

पावसाळ्यात दुपारनंतर आपल्याकडे काळे ढग उभे राहतात. त्यांच्या पोटात हवा स्वस्थ नसते; कुठे ती जोराने वर चढत असते तर कुठे खाली कोसळत असते. समजा, वैमानिकाने 'ही उंची धर' अशी आज्ञा देऊन ठेवली आहे आणि विमान खाली कोसळणाऱ्या हवेत शिरले. विमान खाली दबू लागते. यंत्र ते ओळखते आणि नाक वर उचलते. हवा आणखी दाबते, यंत्र आणखी नाक उचलते. चढावर बैल अडखळावा तसा विमानाचा वेग कमी होऊ लागतो, कारण इंजिनाला जोर द्यायला कोणी सांगितलेले नाही. उंचीमापकाचा काटा मात्र जागचा हलत नाही. वैमानिकाची नजर त्या काट्यावर असेल तर त्याला वाटते, सर्व काही ठाकठीक आहे. शेजारचा वेगमापकाचा काटा हळूहळू खाली सरकत असतो.

विमान हवेत तरते ते पंखावरून वाहणाऱ्या हवेमुळे. वेग फार घटला आणि नाक फार वर गेले की ती हवा पंखाला चिकटून वाहत नाही, विस्कटते, आणि पंखाचा आधार सुटतो. याला स्टॉल म्हणतात. मोटारगाडीचे इंजिन बंद पडते त्यालाही आपण हाच शब्द वापरतो, पण इथे इंजिन उत्तम चालू असते. निकामी होतो तो पंख. यंत्राच्या कुवतीपलीकडे गोष्ट गेली की यंत्र काय करते? ते सुटते. एक भोंगा वाजतो आणि विमान वैमानिकाच्या ओंजळीत येऊन पडते. नाक वर, वेग गेलेला, ढगात काळोख, आणि आतापर्यंत काय चालले होते याची त्याला कल्पना नाही. यंत्राने संकट टाळले नव्हते, झाकून ठेवले होते. म्हणूनच फार खळबळीच्या हवेत उंची धरण्याची कळ बंद करावी, थोडे वरखाली झाले तर होऊ द्यावे, पण विमानाचा कल आणि वेग सांभाळावा, असे अनेक विमानांच्या माहितीपुस्तकांत सांगितलेले असते.

बर्फाचे प्रकरण याच जातीचे, पण अधिक कपटी. मुखेडला ऑगस्टात अंगाला घाम सुटत असतो, तेव्हा डोक्यावर सुमारे पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्याला टेकलेले असते. त्याहून वर ढगात असे पाणी असते, की जे शून्याखाली गेले तरी गोठलेले नसते. कशाचा तरी स्पर्श होण्याची वाट पाहत असते. सिल्व्हर आयोडाइडची धुरी देतात ती याच पाण्याला गोठवण्यासाठी. आणि तेच पाणी विमानाच्या पंखाला लागले की तिथे बर्फ धरते. पंखाचा आकार बिघडतो, विमान जड होते, एका बाजूला ओढू लागते. हाताने विमान चालवणाऱ्याला हे तळहाताला कळते. पाण्याने भिजलेले पोते उचलताना न पाहता कळते, तसे. ऑटोपायलट लावलेला असेल तर ते जडपण यंत्राच्या हाताला लागते, आणि यंत्र तक्रार करीत नाही. अमेरिकेत ९ जानेवारी १९९७ रोजी डेट्रॉइटकडे उतरू पाहणारे कॉमएअर कंपनीचे दोन पंख्यांचे विमान असेच गेले. बर्फामुळे ते एका कुशीवर जाऊ पाहत होते, ऑटोपायलट उलट्या बाजूने जोर लावत होता. त्याचा जोर संपला, तो सुटला, आणि विमान उलटले. २९ माणसे होती. एकही वाचले नाही.

आता भोवऱ्याकडे परत येऊ. ऑटोपायलटला क्षितिज कुठे आहे हे भोवरा सांगतो, हे खरे. पण भोवराच बिघडला तर? जुन्या लहान विमानांत तो हवा ओढणाऱ्या एका पंपावर फिरतो. पंप बंद पडला की भोवरा एकदम थांबत नाही. अंगणातल्या भोवऱ्यासारखा तो आधी मंदावतो, मग डुलतो, मग हळूहळू एका बाजूला झुकतो. काही प्रकारच्या ऑटोपायलटना याच भोवऱ्याचा आधार असतो. भोवरा झुकेल तसे ते विमानाला झुकवत नेतात, आणि काचेच्या तबकडीत सर्व सपाट दिसते.

खोट्या क्षितिजाने माणूस कसा फसतो याचे दुःखद उदाहरण मुंबईच्या समुद्रात घडलेले आहे. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जंबो विमान वांद्र्यापलीकडे समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. कप्तानाच्या पुढ्यातल्या क्षितिजदर्शक तबकडीने विमान उजवीकडे कलल्याचे खोटेच दाखवले. ते सरळ करायला त्यांनी डावीकडे वळवले, आणि अंधाऱ्या समुद्रावर बाहेर पाहून खात्री करायला काही नव्हते. त्यात ऑटोपायलटचा दोष नव्हता. पण त्या विमानात दुसरी तबकडी होती, तिसरीही होती, शेजारी बसलेली माणसे होती, आणि तरी ते घडले. पुष्कळशा जुन्या लहान विमानांत असे क्षितिज एकच असते. माणसाला निदान शंका येऊ शकते. यंत्राला तेवढीही सोय नाही.

यंत्राशी झोंबी खेळू नये, हाही एक धडा आहे. बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळते, पुढे झाले की बैलांच्या मानेवर येते, म्हणून आपण पोती पुढेमागे सरकवतो. विमानातही असा तोल साधायला एक सोय असते, तिला ट्रिम म्हणतात. चांगल्या ऑटोपायलटमध्ये हे ट्रिमही यंत्रच फिरवते. आता यंत्र चालू आहे हे विसरून वैमानिकाने चाकाला जोर लावून नाक खाली दाबले, तर यंत्राला वाटते की काहीतरी नाक खाली ओढते आहे. ते ट्रिम वरच्या बाजूला फिरवू लागते. माणूस दाबतो, यंत्र उचलते. जेव्हा यंत्र सुटते तेव्हा सारे ओझे एका बाजूला साठलेले असते आणि नाक उसळी मारून वर जाते. २६ एप्रिल १९९४ रोजी जपानात नागोया येथे चायना एअरलाइन्सच्या मोठ्या एअरबस विमानात हेच घडले आणि २६४ माणसे दगावली. तिथे उतरण्याच्या वेळी चुकून 'पुन्हा वर चल' अशी आज्ञा यंत्राला दिली गेली होती. लहान विमानाच्या चाकावर यासाठीच यंत्र सोडवण्याचे लाल बटण असते. झोंबी करण्यापेक्षा ते बटण दाबणे सोपे, पण गडबडीत हात चाकालाच ओढतो.

असो. यंत्र बिघडले म्हणून झालेल्या अपघातांपेक्षा मला अधिक विचार करायला लावतात ते असे अपघात, की जिथे यंत्र शंभर टक्के नीट होते. शेतातल्या मोटारीला ऑटो बसवणाऱ्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल. रात्री लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते, पाणी शेताला जाते, शेतकऱ्याची झोप मोडत नाही. पण विहिरीत पाणी उरले नसेल किंवा पाइप निसटला असेल, तरीही मोटार सुरू होतेच. ऑटोला लाईट आल्याचे कळते. पाण्याचे कळत नाही. सकाळी जळकी मोटार पाहून त्या डबीला शिव्या देण्यात अर्थ नाही, तिने तिचे काम केले.

आपल्या देशातले याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईहून निघालेल्या विमानाचे आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे विमान बंगलोरला उतरत होते. विमान एअरबस ए-३२०, त्या काळी अगदी नव्या तऱ्हेचे, कंपनीत दाखल होऊन थोडेच महिने झालेले. हवा स्वच्छ होती, धावपट्टी समोर दिसत होती, पुढे दोन अनुभवी वैमानिक बसले होते. या विमानात इंजिनाचा जोर सांभाळणारी यंत्रणाही स्वयंचलित आहे, आणि तिला अनेक प्रकारच्या आज्ञा देता येतात. एका आज्ञेत ती वेग राखण्यासाठी इंजिनाला हवा तेवढा जोर देते. दुसऱ्या आज्ञेत, ठरवलेल्या उंचीपर्यंत लवकर खाली यायचे म्हणून, ती इंजिने अगदी मंद करून ठेवते. त्या दिवशी दुसरी आज्ञा लागू होती. विमान खाली घसरते आहे असे पाहून नाक हाताने वर धरले जात होते. इंजिने मंदच राहिली. वेग घटत गेला. यंत्र वेग सांभाळते आहे अशा समजुतीत मोलाची सेकंदे गेली. शेवटी इंजिनांना पूर्ण जोर दिला गेला, पण मंद झालेल्या जेट इंजिनाला जोर धरायला काही सेकंद लागतातच, आणि तेवढी उरली नव्हती. धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर विमान आदळले. १४६ जणांपैकी ९२ जण गेले. ही आज्ञा कशी लागू झाली याबद्दल चौकशीत अशी शक्यता मांडली गेली, की खाली उतरण्याचा वेग मिनिटाला सातशे फूट ठेवायचा होता, आणि त्याऐवजी उंचीची कळ सातशे फुटांवर फिरवली गेली. दोन्ही कळी एकाच पट्टीवर, जवळजवळ आहेत.

हे विमान मोठे होते. पण काचेचे पडदे, अनेक प्रकारच्या आज्ञा, आणि सध्या कोणती आज्ञा लागू आहे हे सांगणारी लहान अक्षरांची एक ओळ, हे सारे आता चार आसनांच्या शिकाऊ विमानातही आले आहे. 'आता हे काय करते आहे?' हा प्रश्न वैमानिकांच्या बोलण्यात थट्टेने येतो, पण ज्या क्षणी तो मनात उठतो त्या क्षणी विमान तुमच्या हातात नसते, एवढे नक्की. कळ दाबली एवढ्यावर न थांबता ती ओळ मोठ्याने वाचायची, अशी सवय चांगले शिक्षक लावतात. एकटे असलो तरी मोठ्याने. वेड्यासारखे वाटले तरी चालेल.

जमिनीजवळ तर यंत्रावर विसंबण्याचा प्रश्नच येऊ नये. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याला तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उडाल्याबरोबर तारांत सापडून खाली आले. सुदैवाने सारे बचावले. त्यात ऑटोपायलटचा काही संबंध नव्हता. पण वाऱ्याचा झोत, विजेची तार, धावपट्टीवर आलेले जनावर, या गोष्टी लहान विमानाच्या ऑटोपायलटच्या हिशेबात नसतातच. म्हणून ठराविक उंचीच्या खाली तो लावायचा नाही असे बंधन त्याच्या पुस्तकातच घातलेले असते.

आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. ५ सप्टेंबर २०१४ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून फ्लॉरिडाकडे एक लहान, एका इंजिनाचे, पण फार उंच उडणारे विमान निघाले. आत दोघेच होते. अठ्ठावीस हजार फुटांवर असताना वैमानिकाने जमिनीवरच्या नियंत्रकाला कळवले, की विमानातली एक सूचना बरोबर दिसत नाही, आम्हाला खाली यायचे आहे. बोलणे शांत होते. त्याने अठरा हजार फूट मागितले, त्याला आधी पंचवीस हजार मिळाले. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, म्हणून विमानाच्या आत दाबाने हवा भरून ठेवलेली असते. तो दाब गेला की माणसाला दुखत नाही, गुदमरल्यासारखेही फारसे वाटत नाही. उलट सारे ठीक आहे असे वाटत वाटत शुद्ध जाते. थोड्या वेळाने उत्तरे अस्पष्ट झाली, मग थांबली. लढाऊ विमाने शेजारी जाऊन पाहून आली. ऑटोपायलटने विमान सरळ रेषेत, ठरल्या उंचीवर, फ्लॉरिडा ओलांडून, क्यूबावरून नेले. निघाल्यापासून पाच तासांहून अधिक काळ ते उडत राहिले आणि इंधन संपल्यावर जमैकाजवळ समुद्रात पडले. बैल असते तर दारात उभे राहिले असते, असे मला ही हकीकत वाचताना वाटले.

या एका बाबतीत मात्र यंत्र पुढे गेले आहे. वैमानिक बेशुद्ध झाल्यास प्रवाशाने एक बटण दाबावे आणि विमानाने स्वतः जवळची धावपट्टी शोधून उतरावे, अशी व्यवस्था असलेल्या एका लहान विमानाला २०२० साली अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने मान्यता दिली. ही व्यवस्था इंजिनही चालवते, चाके खाली सोडते आणि ब्रेकही लावते. अशी विमाने महाग आहेत. शिकाऊ मुलांच्या वाट्याला येतात ती विमाने बहुधा पुष्कळ साधी असतात, आणि त्यांत असे बटण नसते.

मग हाताची सवय राखण्याचा प्रश्न उरतो. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिकवर असताना वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साठले, आकडे चुकले, आणि ऑटोपायलट सुटला. विमान धडधाकट होते. एवढ्या उंचीवर हाताने विमान धरण्याची सवय आत बसलेल्यांना फारशी नव्हती. नाक वर ओढले गेले, स्टॉल झाला, तो ओळखला गेला नाही, आणि साडेचार मिनिटांच्या आत २२८ माणसांसह सारे संपले. त्यानंतर २०१३ साली अमेरिकेच्या खात्याने विमान कंपन्यांना सूचना काढली, की योग्य वेळी वैमानिकांना हाताने विमान उडवू द्या, त्याचा सराव ठेवा. ज्या वस्तूचा शोध हाताला विश्रांती मिळावी म्हणून लागला, तिच्यामुळे हात विसरू नये म्हणून सरकारला पत्रक काढावे लागले!

तेव्हा ज्या घरातले मूल विमान शिकायला निघाले असेल, त्या घराने शाळेत दोन-तीन गोष्टी बिनधास्त विचाराव्यात. ऑटोपायलट न लावता किती तास उडवायला मिळते? ढगाची वेळ आली तर उपकरणांवर उडण्याचा सराव कोण करून घेतो? यंत्र मध्येच बंद करून 'आता तू धर' असे शिक्षक किती वेळा म्हणतात? संगणकावरचे पडदे किती मोठे आहेत हे शाळा आपणहून दाखवतील. ते विचारायची गरज नाही.

आणि विमान उडण्यापूर्वी जमिनीवरच करायची एक लहानशी तपासणी आहे, ती एकदा मुलाकडून समजून घ्यावी. ऑटोपायलट लावायचा, आणि त्याने धरलेले चाक हाताने जोर लावून फिरवून पाहायचे. माणसाची ताकद त्याच्यावर मात करू शकते याची खात्री करायची. मग ट्रिमची कळ पाहायची. मग त्याचा विजेचा पुरवठा तोडणारा खटका कुठे आहे, तो न पाहता बोटाने चाचपून शोधायचा, कारण ढगात तो शोधायला वेळ नसतो. शेवटी चाकावरचे लाल बटण दाबायचे. सुटल्याचा आवाज येतो, आणि चाक हाताला हलके लागते.